भट्टीचे दाणे

भट्टी वर्षातून एकदाच विझायची. आतल्या विटा बदलून ती पुन्हा पेटली, की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं घर कारखान्यात ओळीनं उभं राहायचं. कशाला, तर नाक दाखवायला. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण त्या घरात यावर कुणी हसत नसे. आत्या हात स्वच्छ धुऊन यायची आणि एकेकाच्या नाकावरून, गालांवरून अंगठा फिरवायची. अंगठ्याला बारीक, पांढुरके, टणक दाणे लागले, की ती मोठ्यानं म्हणायची, "आहे!" मग ज्याला 'आहे' त्याच्या नावाचा खिळा भिंतीत ठोकला जायचा आणि त्यावर त्याची स्वतःची फुंकणी टांगली जायची. लोखंडाची, माणसाच्या उंचीची, काच फुगवायची फुंकणी.

पणजोबांपासून ते घर काच फुंकणाऱ्यांचं. आणि घरातला समज असा, की भट्टी माणसं निवडते. ज्याला तिनं आपलं म्हटलं त्याच्या तोंडावर ऐन पंचविशीत ती आपले दाणे उठवते. ज्याच्या तोंडावर दाणे नाहीत, त्यानं काच वितळवावी, उचलावी, झाडलोट करावी, खोके भरावेत; पण फुंकणीला तोंड लावू नये. लावलं तर काच तडकते म्हणे. कुणाची तडकली होती, कधी तडकली होती, हे विचारायची सोय नव्हती.

या ओळीत दरवर्षी सगळ्यात पुढे, जवळजवळ धक्काबुक्की करून उभी राहायची ती आत्याची भाची. तिचे आईवडील लवकर गेले. तिला आणि तिच्या दादाला आत्यानंच वाढवलं. दादाचं नाक पंचविशीच्या आतच दाण्यांनी भरून आलं होतं. हिचं नाक म्हणजे घासलेला पेला. आत्या एकदा अंगठा फिरवायची, मग मान तिरकी करून पुन्हा फिरवायची, आणि हळूच म्हणायची, "काहीच नाही गं. पुढच्या वर्षी बघू." दादानं तिचं नाव पाडलं होतं गुळगुळी. घरात, गल्लीत, गिऱ्हाइकांत, सगळीकडे तेच चिकटलं.

लहानपणी तिनं एकदा बारीक काचमणी डिंकानं नाकाला चिकटवून ओळीत उभं राहायचा पराक्रम केला होता. आत्यानं अंगठा फिरवला आणि मणी सगळे अंगठ्याला आले. "अरे वा," दादा म्हणाला होता, "आत्याच्या अंगठ्याला दाणे आले!" त्या दिवशी मात्र सगळे हसले होते. गुळगुळीला ते हसणं अजून आठवायचं, आणि आठवलं की कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.

आता तिची सव्विशी उलटली होती. काचेचं सगळं काम तिला येत होतं. मुशीतली वितळलेली काच फुंकणीच्या टोकावर मधासारखी गुंडाळून घ्यावी तर तिनंच. काच गळायला लागायच्या आत पुन्हा भट्टीच्या तोंडाशी न्यावी तर तिनंच. आणि खरं सांगायचं, तर फुंकताही येत होतं. दुपारी आत्या घरी आडवी व्हायला गेली, की दादा दार लोटून घ्यायचा, स्वतःची फुंकणी तिच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "गाल फुगवू नकोस, बेडकी. पोटातून फुंक." तिची काच कधी तडकली नाही. पण हे सांगणार कुणाला? चोरून कमावलेलं कौशल्य म्हणजे मुक्यानं खाल्लेला गूळ.

अशात एक दिवस वाचनालयाचे ग्रंथपाल आले. तिथल्या मोठ्या दालनात घुमटाखाली एक प्रचंड काचेचा गोल टांगलेला होता, आत दिवा असलेला. तो गुळगुळीच्या आजोबांनी फुंकलेला. त्याचा आकडा गंजून तुटला आणि रिकाम्या दालनात गोल खाली येऊन चक्काचूर झाला. ग्रंथपालांना तसाच गोल हवा होता. हातानं फुंकलेला, तेवढाच मोठा. दुरुस्तीनंतर वाचनालय पुन्हा उघडायचं होतं त्याच्या आधी.

त्या गोलाची घरात एक गोष्ट सांगायचे. तो फुंकून झाला, काच हळूहळू गार करतात त्या निवायच्या भट्टीत गेला, दार बंद झालं, आणि आजोबा छातीला हात लावून जे खाली बसले ते उठलेच नाहीत. "शेवटचा श्वास काचेला दिला त्यांनी," आत्या सांगायची, आणि सांगताना तिची मान ताठ व्हायची.

तसा गोल पुन्हा करायचा! कारखान्यात एकदम चैतन्य आलं. आत्यानं साचे, चिमटे, लाकडी पळ्या सगळं घासायला काढलं. गेली चाळीसेक वर्षं भट्टी सांभाळणारे भट्टीवाले काका नवीन मूस चढवायला लागले. आणि गुळगुळीच्या मनात एकच गोष्ट घोळायला लागली: हा गोल मला फुंकायचाय. मला. माझ्या तोंडानं. तिनं ते एकदा बोलूनही दाखवलं.

"नाक बघ आरशात," आत्या म्हणाली. रागानं नाही हो, अगदी मायेनं म्हणाली. त्यानं तर जास्तच झोंबलं.

गोल दादा फुंकणार हे ठरलेलंच होतं. त्यानं सराव सुरू केला. आधी कलिंगडाएवढे, मग त्याहून मोठे. गुळगुळी त्याच्या बाजूला राहून काच उचलून देत होती. तिसऱ्या सरावाला गोल छान फुगत होता, दादाची मान लाल झाली होती, आणि अचानक त्यानं तोंड काढलं. चेहरा राखेसारखा. एक हात छातीवर. तशातही त्यानं फुंकणी सोडली नाही. तिच्याकडे सरकवली आणि म्हणाला, "धर. पडू देऊ नको."

एका हातात फिरती फुंकणी, टोकाला लालभडक काच, आणि समोर भाऊ गुडघ्यावर. काच पडू द्यायची नाही हे त्या घरात बोलायच्या आधी शिकवतात. गुळगुळीनं काच टाकली. फरशीवर गोल फुटला, तुकडे भट्टीखाली सरपटत गेले, आणि तिनं दादाला दोन्ही हातांनी धरलं.

हॉस्पिटलात कळलं की उजवं फुप्फुस मिटलंय. फुप्फुसाला बाहेरून हवेनं दाबून टाकलंय. छातीत नळी घालून ती हवा काढली, तेव्हा कुठे दादाला धड श्वास घेता आला. वहिनी, म्हणजे दादाची बायको, मुलीला कडेवर घेऊन भिंतीला टेकून उभी होती. आत्या बाकावर बसून एकच म्हणत होती, "काच फार जड घेतली होती. मी सांगत होते, काच फार जड घेतली."

दुसऱ्या दिवशी छातीचे डॉक्टर फुप्फुसाचे फोटो घेऊन आले. फुप्फुसांच्या तळाला हवेचे बुडबुडे दिसत होते. डॉक्टरांनी फोटोकडे पाहिलं, दादाच्या नाकाकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना बोलावणं धाडलं.

"चामडीच्या डॉक्टरचं इथे काय काम?" आत्या पुटपुटली. "दुखतंय छातीत आणि बघतात नाकात."

डॉक्टरीणबाई आल्या त्या घाईत आल्या. ठेंगण्या, खिशात छोटं भिंग. त्यांनी दादाचं नाक, गाल, कानामागं सगळं भिंगातून पाहिलं. मग वळल्या आणि त्यांची नजर आत्यावर गेली. "तुम्ही जरा उजेडात येता का?" आत्याचं नाक पाहताना त्यांचा श्वास जोरजोरात चालल्याचं गुळगुळीला ऐकू आलं. खजिना सापडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"हे दाणे कधीपासून आहेत?"

"भट्टीचे आहेत ते," आत्या म्हणाली. "ऊब लागते ना रोज. आमच्यात चांगले फुंकणारे असतात त्यांनाच येतात."

"घरात अजून कुणाला?"

"माझ्या वडिलांना होते. माझ्या भावाला, या दोघांच्या वडिलांना, तर इतके होते की दाढी करताना रक्त यायचं."

"वडील कशानं गेले?"

आत्यानं गोलाची गोष्ट सांगितली. शेवटचा श्वास वगैरे. डॉक्टरीणबाईंनी छातीच्या डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी हळूच मान हलवली.

"आणि भाऊ?"

"त्याचं वेगळंच. मूत्रपिंडाचं दुखणं. फार उशिरा कळलं."

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. भिंग बंद केलं. "मला एक सांगा. नीट आठवून सांगा. भट्टीजवळ वर्षानुवर्षं उभं राहूनसुद्धा एकही दाणा नाही, असं कुणी आहे का? आणि भट्टीकडे कधी फिरकलासुद्धा नाही, पण दाणे आहेत, असं कुणी?"

दोन्ही माणसं गुळगुळीच्या डोळ्यांसमोर एकदमच उभी राहिली. भट्टीवाले काका! चाळीस वर्षं ज्वाळेसमोर, आणि तोंड लहान मुलासारखं. आणि बँकेतला चुलतभाऊ! काच म्हटलं की चष्मा एवढंच ज्याला माहीत, जो कारखान्यात आला की नाकाला रुमाल लावतो, त्याच्या नाकावर दाणेच दाणे.

"आत्या," ती म्हणाली, "बँकवाला!"

"तो लहानपणी भट्टीशेजारी पाळण्यात असायचा," आत्या झटकन म्हणाली. हे उत्तर घरात तयारच होतं. कितीतरी वर्षं तेच चाललं होतं.

"आत्या, तो जन्मला तेव्हा ते लोक दुसऱ्या गावात राहत होते. पाळणा काय उडत आला होता?"

वहिनीला तेवढ्यातही हसू फुटलं. आणि गुळगुळी मात्र खुर्चीवरून उठलीच. तिला गप्प बसवेना. "म्हणजे भट्टी नाही! डॉक्टर, भट्टीचा काही संबंधच नाही ना? हे आमच्या रक्तातच आहे ना?"

"रक्तातच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांचाही आवाज चढला. "केसाच्या मुळाशी उठणाऱ्या या बारीक गाठी आहेत. साध्या, निरुपद्रवी. कॅन्सर नाही, कुणाला लागत नाहीत, नुसत्या असल्या तर असू द्याव्यात. पण ज्या घरात या पिढ्यान्‌पिढ्या अशा येतात, तिथे त्यांच्यासोबत दोन गोष्टी येऊ शकतात. एक, फुप्फुसात बुडबुडे, ते फुटले की फुप्फुस मिटतं. दुसरी, पुढे मूत्रपिंडात गाठ. ती लवकर सापडली तर काढता येते. तुमच्या घरानं ही सगळी लक्षणं अंगठ्यानं शोधून ठेवलीत. पण वापरली उलटी."

आत्याच आधी बोलली. तिचा आवाज तिचा वाटत नव्हता. "म्हणजे ज्यांच्या छातीला धोका, त्यांच्याच हातात मी फुंकणी दिली."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"आणि जिच्या छातीला काही नाही, तिला फुंकणीला तोंडसुद्धा लावू दिलं नाही." आत्यानं गुळगुळीकडे पाहिलं. तसं तिनं तिच्याकडे कधीच पाहिलं नव्हतं.

खरं म्हणजे गुळगुळीला त्या घटकेला लाज वाटत होती. भाऊ छातीत नळी लावून पडलाय, आजोबांच्या गोष्टीतलं सोनं उडालंय, वडील पुन्हापुन्हा आठवतायत, आणि हिच्या मनात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटतायत! मला दाणे नाहीत! मी नापास नव्हतेच! नाचावंसं वाटत होतं तिला, तिथेच, सलाइनच्या बाटल्यांमध्ये. दादानं ते ओळखलं. बोलायची मनाई होती तरी त्यानं बोट हलवून तिला जवळ बोलावलं आणि पुटपुटला, "बेडकी, गोल तुझा."

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दाणे नाहीत म्हणून सुटलात, असं नसतं. काहींना तोंडावर काहीच येत नाही, पण आत असतं. आईवडिलांपैकी एकाला असेल, तर प्रत्येक मुलाला ते असायची शक्यता निम्मी. तुमचं रक्त तपासल्याशिवाय तुम्ही फुंकायचं नाही. फुगासुद्धा नाही."

झालं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा हातात आलेला घास पुन्हा ताटात.

सगळ्यांचं रक्त तपासायला गेलं. आत्या आधी "मला काय धाड भरलीय" म्हणत होती, पण वहिनीनं मुलीला तिच्या मांडीवर बसवलं आणि म्हणाली, "हिच्यासाठी द्या." त्यानंतर आत्या सुतासारखी सरळ झाली. फुप्फुसाचे, पोटाचे फोटोही काढले. आत्याला दाणे होतेच, तिच्या रक्तातही तेच निघालं, आणि तिच्या एका मूत्रपिंडात वाटाण्याएवढी गाठ सापडली. "अगदी वेळेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काढली की झालं." आत्या घरी येऊन म्हणाली, "माझ्या भावाला असं कुणी वेळेत सांगितलं असतं तर." आणि रडली. आत्याला रडताना गुळगुळीनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं आत्याचं डोकं पोटाशी धरलं.

गुळगुळीच्या रक्ताचा निकाल तेवढा यायचा होता. पहिल्या वेळी नमुना खराब निघाला, पुन्हा द्यावं लागलं. आणि तिकडे ग्रंथपालांचे फोन. "वाचनालय उघडायची तारीख आलीय हो. नाही जमलं तर प्लॅस्टिकचा गोल मागवतो."

"प्लॅस्टिकचा!" आत्या फोन ठेवून किंचाळली. "माझ्या बापाच्या जागी प्लॅस्टिक!"

गंमत बघा. जन्मभर जी मुलगी आरशात दाण्याची वाट बघत होती, ती आता रोज उठून नाकावर बोट फिरवायची आणि दाणा नसला की सुस्कारा सोडायची. एकदा नाकाच्या शेंड्यावर काहीतरी लागलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. पुटकुळी निघाली. साधी, दोन दिवसांत फुटणारी पुटकुळी. तिनं वहिनीला ओढत आरशापाशी नेऊन चार वेळा खात्री करून घेतली.

दादा घरी आला होता. छातीवर छोटं ऑपरेशन झालं होतं, फुंकायला कायमची बंदी, पण हात शाबूत. तो कारखान्यात येऊन काच फिरवायच्या बाकावर बसायला लागला. आणि एका सकाळी त्यानंच ती युक्ती काढली. "मोठा गोल आपल्यात एकाच माणसानं करायचा, हे कुणी ठरवलं? फुंकणी मी फिरवतो, आकार मी देतो. ही दुसऱ्या टोकाला बसून नुसती फुंकेल. हात माझे, श्वास हिचा."

"आपल्यात असं करत नाहीत," आत्या म्हणाली. जिभेची सवय, दुसरं काय.

"आपल्यात करत होते त्यानं मला हॉस्पिटल दाखवलं, आत्या."

आत्यानं बाक ते भट्टी अंतर नजरेनं मोजलं. म्हणाली, "बाक जरा पुढे घ्यावा लागेल."

मग त्यांनी न फुंकता सराव केला. थंड फुंकणी, रिकामं टोक. दादा फिरवायचा, गुळगुळी दुसऱ्या टोकाशी तोंड नेऊन थांबायची, फुंकायची नाही. "आता," "थांब," "जरा," "पुरे." चार शब्दांची त्यांची भाषा तयार झाली. भट्टीवाले काका बघून म्हणायचे, "नवराबायकोचं पण एवढं पटत नाही रे."

फोन आला तेव्हा भट्टी पूर्ण जोरात होती आणि कुणाला काही ऐकू येत नव्हतं. गुळगुळी फोन कानाला लावून गल्लीत पळाली. एक चप्पल दारातच राहिली. "बोला, बोला डॉक्टर!"

"नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्यात ते नाहीये. अजिबात नाही. फुंका आता!"

गुळगुळी गल्लीच्या मध्यावर एका चपलेवर उभी राहून ओरडली, "नाहीये!" समोरचा शिंपी दचकून मशीन थांबवून बघायला लागला. ती धावत आत आली. "नाहीये! मला नाहीये! काहीच नाहीये!"

"काय नाहीये?" भट्टीवाले काका घाबरले. "गॅस नाहीये?"

दादानं तिला उचलायचा प्रयत्न केला, छातीतून कळ आली, मग वहिनीनंच उचललं. आत्या जागची हलली नाही. हातातल्या फडक्यानं तिनं तोंड पुसलं, मान खाली घातली, पुन्हा पुसलं. मग उठली, नळाखाली हात धुतले, साबण लावून धुतले, आणि म्हणाली, "ओळ लावा."

"कसली ओळ?"

"नेहमीची. उद्या सकाळी. सगळे."

सकाळी सगळे आले. बँकवाला चुलतभाऊसुद्धा आला, रुमाल न लावता. त्याचंही रक्त तपासायला गेलं होतं आणि तो बिचारा पहिल्यांदाच या घरात हक्कानं उभा होता. गुळगुळी यावेळी सगळ्यात मागे उभी राहिली. का कोण जाणे, तिचे पाय पुढे जाईनात. आत्या ओळीतल्या कुणाकडे न बघता सरळ तिच्यापाशी आली आणि तिच्या नाकावर अंगठा टेकला. ओला, गार, खरबरीत अंगठा. एकदा फिरवला. मान तिरकी करून पुन्हा फिरवला. गालांवरून, कानामागून.

"काहीच नाही," आत्या म्हणाली.

तेच शब्द. आणि मग ती वळली आणि सगळा कारखाना दणाणेल अशी ओरडली, "ऐकलंत का रे? काहीच नाही! माझ्या पोरीला काहीच नाही!" तिनं भिंतीवरची स्वतःची फुंकणी काढली, तिचं टोक फडक्यानं पुसलं आणि गुळगुळीच्या हातात दिली. "जा. आजोबांचा गोल वाट बघतोय."

त्यानंतर जे झालं ते गुळगुळीला नंतर तुटक तुटकच आठवायचं. मुशीतून काच घेतली, मग तिच्यावर पुन्हा काच, मग पुन्हा, फुंकणी उचलायला भट्टीवाले काका आणि चुलतभाऊ दोघे लागले. भिजवलेल्या लाकडी पळीत काच फिरताना वाफ उडाली, करपल्या लाकडाचा वास भरला. दादा बाकावर, हात सारखे फिरतायत, डोळे काचेवर. "जरा." तिनं जरा फुंकलं. काचेच्या पोटात श्वास गेलेला तिला दिसला! तिचा श्वास, आत, लालबुंद काचेत गोल होऊन बसलेला! "आता." पोटातून. गाल सपाट. "आता, आता, आता... थांब." पुन्हा भट्टीच्या तोंडाशी, पुन्हा बाकावर. गोल घागरीएवढा झाला, मग रांजणाएवढा. सगळे मागे सरकत गेले. आत्या बाजूला उभी राहून स्वतःचे गाल फुगवत होती आणि तिचं तिलाच कळत नव्हतं.

एकदा गोल एका अंगाला झुकला. "सोडतोय मी," दादा म्हणाला, "नाही पेलत." गुळगुळीनं डोळे मिटले नाहीत. "फिरव, दादा. फक्त फिरव. श्वास आहे माझ्याकडे." आणि तिनं तो इतका हळू, इतका सलग सोडला, की झुकलेला गोल पाठ सरळ करावी तसा उठला.

"पुरे," दादा ओरडला. "पुरे, पुरे, पुरे!"

गोल निवायच्या भट्टीत गेला. दार बंद झालं. सगळ्यांच्या नजरा, कुणी न सांगता, गुळगुळीच्या छातीकडे गेल्या. ती दारासमोर उभी होती. घामानं निथळत, तोंड लाल, आणि भरभरून श्वास घेत होती. एक. दुसरा. तिसरा. "काय बघताय?" ती म्हणाली. "मला भूक लागलीय."

आत्या हसत हसत भिंतीला टेकली. दादानं बरगडी धरली, "हसवू नका रे, टाके दुखतात."

काच पुरती निवायला वेळ लागतो. तेवढ्यात आत्यानं भिंतीत एक नवा खिळा ठोकून घेतला, आणि दिवसातून शंभर वेळा भट्टीच्या दाराला हात लावून बघितला. शेवटी दार उघडलं. गोल बाहेर आला. कुठे तडा नाही, कुठे खोट नाही. खिडकीतलं ऊन त्यात शिरलं आणि सगळ्यांची तोंडं त्यात उलटी दिसायला लागली. जो तो रांगेनं पुढे येऊन वाकून बघत होता.

रांगेच्या शेवटी दादाची मुलगी होती. चार वर्षांची. तिला वाटलं ओळ म्हणजे नाकाचीच. ती आत्यासमोर येऊन उभी राहिली, डोळे घट्ट मिटले आणि नाक वर केलं. "आजी, माझं बघ."

आत्याचा अंगठा सवयीनं वर गेला आणि हवेतच थांबला. वहिनीनं श्वास रोखला. या नाकात काय लिहिलंय ते आणखी वीस वर्षांनी कळेल, कदाचित डॉक्टरीणबाई त्याआधी सांगतील. निम्मी शक्यता. आत्या गुडघ्यावर बसली, अंगठा मुठीत मिटून घेतला आणि त्या एवढ्याशा नाकाचा मुका घेतला. "तुझं मी नाही बघणार. तुला काय करायचंय ते सांग मला. फुंकायचंय, फिरवायचंय, की बँकेत जायचंय?"

मुलीनं डोळे उघडले. हे काही तिला पटलेलं दिसलं नाही. तिनं आपला इवलासा अंगठा आत्याच्या नाकावर ठेवला, एकदा फिरवला, मान तिरकी करून पुन्हा फिरवला, आणि आनंदानं ओरडली, "आहे!"

पुढच्या आठवड्यात आत्याचं ऑपरेशन होतं, हे त्या पोरीला कुठून माहीत असणार!

"आहे बाई, आहे," आत्या म्हणाली, आणि पोरीला कडेवर घेऊन मोठ्यानं हसायला लागली. "सापडलं एकदाचं. चल, आता तुझ्या आत्यानं फुंकलेला गोल बघू."